शेरा

प्रगतिपुस्तकात गणिताला बासष्ट,
शिवणकाम ठीक,
आणि तळाशी मिस ऑल्डसच्या टोकदार अक्षरात
एकच शब्द : अलूफ.

आयडानं तो वाचला,
चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला.
म्हणजे तुटक. म्हणजे फटकून वागणारी.
माणसांत बसवली तरी माणसांत न येणारी.
"बघ, शाळेतसुद्धा कळलं," ती लेकीला म्हणाली
आणि भांडी घासायला लागली,
घासलेलीच भांडी.

हेस्टर तेरा वर्षांची. लोवस्टॉफ्ट. नोव्हेंबर.
गल्लीभर हेरिंगचा वास,
दोरीवरच्या कपड्यांनासुद्धा.

एझ्रा थर्केटल अंधार पडल्यावर आला.
दिवसभर जाळी सांधून बोटं डांबरानं काळी.
त्यानं पुस्तक दिव्याखाली धरलं,
ओठ हलवत वाचत गेला
आणि त्या शब्दापाशी थांबला,
परक्या गावच्या बाजारात
अचानक आपल्या गल्लीतला माणूस दिसावा, तसा.

"ही बाई कुणा खलाशाची लेक आहे का गं?"

मग तो बोलायला लागला. तो,
जो जेवताना मीठसुद्धा बोट दाखवून मागायचा.

"तुझ्याएवढाच होतो. शिडाच्या बोटीवर स्वयंपाक्या.
एका रात्री वारा समुद्राकडून सुटला,
आणि बगलेला किनारा, काळा, दात काढून.
वारा काय करतो, तुला घराकडेच ढकलतो.
बरं वाटतं. दिवे दिसतात.
जहाजं फुटतात ती तिथेच, दिव्यांसमोर.
म्हातारा ओबेड ओरडला, लफ! लफ!
डच लोक त्यालाच लूफ म्हणतात :
वारा येतो ती बाजू.
तोंड तिकडे फिरवायचं. शीड फडफडतं,
पाणी अंगावर येतं, वेग जातो,
कुणाला वाटेल, खुळे आहेत, घर सोडून उलटे निघालेत.
पण खडक लांब राहतो.
त्या लांब राहण्याचा शब्द आहे हा."

आणि त्यानं बोट ठेवलं त्यावर.
बोट उचललं, डाग राहिला.

(मराठीत गलबताच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात.
ती वाऱ्यात धरून ठेवायची, रात्रभर.
शब्दकोशात एवढं लिहायला जागा नसते.)

क्लेमचं नाव त्या घरात सहा आठवडे कुणी घेतलं नव्हतं.
त्याची बोट निघाली तेव्हा हेस्टर झोपलेली होती,
तिला उठवू नको म्हणाला होता.
तेव्हापासून शाळेत पोरी तिचा हात धरायच्या,
पाद्र्याच्या बायकोनं दोनदा केक आणला,
दूधवाला टोपी काढायचा,
जो तो हळू आवाजात, मान तिरकी करून, बिचारी.
ती मधल्या सुट्टीत कोळशाच्या खोलीमागे
उभी राहून सफरचंद खायची, बियांसकट.

एझ्रानं विचारलं, "वारा कुठून आहे?"

तिनं विचार केला.
"सगळीकडून."

"मग अवघड आहे," तो म्हणाला,
आणि बाकी काही म्हणाला नाही.
आयडाच्या हातातली बशी तशीच राहिली,
नळ मात्र चालू.

पालकांची सही आयडा करायची नेहमी.
त्या रात्री त्यानं केली, सुतारी पेन्सिलीनं,
आणि जहाजाच्या नोंदवहीत लिहावं तसं खाली लिहिलं :
पाहिलं. बरोबर आहे.

सकाळी मिस ऑल्डसनं पुस्तक उघडलं.
आधी तिला राग आला असावा.
टीपकागद दाबून पाहिला तिनं,
पण डांबर काही टिपलं जात नाही.
मग ती हेस्टरच्या बाकापर्यंत आली,
खांद्यावर ठेवायला हात उचलला,
रोज ठेवायची,
आणि तो तसाच मागे घेऊन
खडू उचलला,
फळ्यावर तारीख लिहिली :
मंगळवार, एकवीस.